झिपऱ्याच्या नावाची मूठ

गजराबाईच्या घरात पिसवा आहेत, असं म्हणायची टेंभरखेड्यात कुणाची छाती नव्हती. पिसवा होत्या, ही गोष्ट वेगळी. मागच्या श्रावणात घरोघर कानबाई देवी बसली त्या दिवशी भाऊबंदांच्या बायका तिच्या ओसरीवर गाणी म्हणायला जमल्या, आणि दुसऱ्याच गाण्याला टाळ्या सोडून सगळ्यांचे हात पोटऱ्यांकडे वळले. ठेका चुकला, गाणं अर्ध्यावर मोडलं, एकीनं खोकल्याचं निमित्त करून बाहेर जाऊन लुगडं झटकलं. पण निघताना जी ती एवढंच म्हणाली, "ओसरी कितली चोपडी सारवेल शे वं गजराबाई." गजराबाईनं मान डोलावून ते मान्य केलं, कारण ते खरंच होतं.

टेंभरखेडं तापीच्या उत्तर काठावर, प्रकाशा गावाच्या अलीकडे. गजराबाई खापर गावची लेक. लग्न होऊन ती दोधू पाटलाच्या घरात आली तेव्हा वय परकर सोडायचं होतं आणि घराच्या ओसरीला जमीन म्हणायचं ते केवळ सवयीनं. खड्डे इतके की तांब्या ठेवला तर कलंडायचा. नव्या सुनेनं पहिल्याच उन्हाळ्यात नदीची माती आणवली, ती भिजवली, स्वतः चोपली, तिच्यावर शेणाचे हात दिले, आणि मग वर्षानुवर्षं दर आठवड्याला देतच राहिली. शेवटी ती जमीन अशी झाली की तिच्यावर ज्वारी सांडली तर दाणा न दाणा हातानं गोळा करता यावा. आसपासच्या खेड्यांतून बायका लग्नकार्याला आल्या की ओसरी बघून जात. बुटकी, काटक, आवाजाला खणखणीत आणि रागाला तयार अशी ही बाई स्वतःच्या रूपाबद्दल कधी बोलली नाही. ओसरीबद्दल मात्र कुणी विचारायची वाट बघत बसायची नाही, आपणच सुरू करायची.

या ओसरीवर तिनं एका जिवाला कायमची जागा दिली होती, आणि तो माणूस नव्हता. एका हिवाळ्यात दोधू पाटलानं शेतात मेंढ्या बसवल्या होत्या. ठेलारी मेंढपाळांचा कळप खतासाठी रानात उतरला, चार रात्री राहिला आणि पुढं गेला. नवऱ्याची भाकर घेऊन गजराबाई शेतात गेली, तर कळप बसला होता त्या जागी लेंड्यांमध्ये एक पिल्लू थरथरत उभं. अंगभर केस, डोळ्यांवर झिपऱ्या, एक पाय जरा आखूड. ती गेली भाकर घेऊन आणि आली पदरात कुत्रं घेऊन. दोधू पाटलानं विचारलं, "हाई काय?" ती म्हणाली, "झिपऱ्या." बारसं तेवढ्यावर उरकलं.

झिपऱ्याला तिनं डोक्यावर बसवलं म्हणणं कमीच. सकाळची पहिली भाकर त्याची. दुधावरची साय मगनला म्हणजे मुलाला आणि खरवड झिपऱ्याला. मगन पाळण्यात असताना तिनं शिवलेली पहिली गोधडी जुनी झाली तेव्हा ती ओसरीच्या कोपऱ्यात त्याला अंथरून दिली. एकच गोष्ट तिनं त्याला कधी दिली नव्हती, ती म्हणजे कानबाईचा रोट. आमच्या खानदेशात कानबाईला गव्हाच्या पिठाचा, नैवेद्याचा जो रोट होतो तो फक्त घरच्यांनी खायचा. लेक दिली की तीसुद्धा परकी, तिला मिळत नाही. दारातल्या कुत्र्याचा प्रश्नच येत नव्हता. गजराबाई देवाच्या बाबतीत कडक. झिपऱ्या चुलीसमोर बसून रोटाचा वास घेत राही आणि ती पाठ फिरवून बसे.

मगनला तळोद्याला सरकारी कचेरीत कारकुनाची जागा मिळाली आणि माघात त्याचं लग्न झालं. सून नंदुरबारची, शोभा नाव, सातवी शिकलेली, हसरी आणि नाजूक कातडीची. मगन तळोद्याला तीन कारकुनांबरोबर एका खोलीत राहायचा. दिवाळीनंतर घर मिळेल तेव्हा शोभाला न्यायचं ठरलं होतं. तोवर शनिवारी दुपारची मोटार फाट्यावर आली की मगन येई आणि सोमवारी पहाटे जाई.

उन्हाळाभर सगळं गोड चाललं. सासू-सुनेचं जमलं, हे बघून शेजारची अनुसयाबाई थोडी नाराजसुद्धा झाली. मग जेठात पाऊस लागला, हवा दमट झाली, आणि शोभाच्या हातापायांवर लाल गांधी उठू लागल्या. गावातल्या माणसांच्या कातड्या चावून घ्यायला सरावलेल्या. हिची नव्हती. रात्रभर ती कूस बदलायची आणि सकाळी बांगड्या वर सरकवून खाजवत बसायची.

"आत्या, घरमा पिस्वा शेतस," ती एकदा हळूच म्हणाली.

गजराबाईच्या हातातलं शेण हातातच राहिलं. असं तिच्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं. पण पोरीच्या दंडावरच्या गांधी खोट्या म्हणता येईनात. म्हणून तिनं पिसवा कबूल केल्या आणि त्यांचं खापर कापसावर फोडलं.

"कापूसना पिस्वा शेतस त्या. घरमा कापूस ठेवा म्हंजे आसंच व्हस."

आता हे ऐकून नंदुरबार-शहाद्याकडचा कुणीही मान हलवील. कापूस घरात साठवला आणि उन्हाळा उलटला की त्यात काहीतरी बारीक होतं, अंगाला खाज सुटते, हे तिकडचं शेंबडं पोरही जाणतं. आणि दोधू पाटलानं भाव वाढेल म्हणून मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस रचून ठेवलेला होताच. गजराबाईनं नवऱ्याचा पिच्छा पुरवला. जेवताना कापूस, पाणी देताना कापूस, बैल सोडताना कापूस. शेवटी कंटाळून त्यानं गाड्या भरल्या आणि भर पावसाळ्यात ताडपत्री टाकून कापूस नंदुरबारच्या जिनात नेऊन घातला. पुढच्याच आठवड्यात भाव चढला. दोधू पाटील तसा मवाळ माणूस, पण ही गोष्ट त्यानं पुढं आयुष्यभर पाव्हण्यारावळ्यांना सांगितली.

"कापूस गया, पिस्वा नही ग्यात," तो त्या दिवशी रिकाम्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला आणि त्यानं पोटरी खाजवली.

मधे मलेरियावाले पंप घेऊन आले आणि त्यांनी घराघरांच्या भिंतींवर औषध मारलं. त्यांनी बजावून सांगितलं, की भिंती आता काही महिने सारवू नका. गजराबाईनं विचारलं, याच पंपानं कुत्र्यालाही एक हात मारता येईल का. ते म्हणाले, बाई, हे भिंतीचं औषध आहे, जनावर अंग चाटतं, त्याच्या पोटात जाईल. ते तिला पटलं. न सारवायचं मात्र पटलं नाही. भिंतींवर पांढरे ओघळ दिसत होते आणि ते तिला बघवेनात. औषधवाले पांदीला लागले नाहीत तोच तिनं शेणाची पाटी भरली. सगळं औषध शेणाखाली गाडलं गेलं आणि पिसवा सुखानं नांदू लागल्या.

अखेर दोधू पाटलानं तोंड उघडलं. तो क्वचित उघडायचा, म्हणून घर ऐकायचं.

"कानबाईले भाऊबंद येतीन. औंदा वहूनी पहिली कानबाई शे. मागला वरीससारखं व्हयनं ते मी तोंड कोठे दखाडू? वाहरू येवाले शे. कुत्रा त्याले दी टाकसू."

वाहरू हा काठी गावचा, वर सातपुड्यातला. दर श्रावणात चारोळी, मध घेऊन खाली उतरायचा आणि दोधू पाटलाकडून ज्वारी घेऊन जायचा. मागल्या खेपेला तो म्हणाला होता, की बिबट्यानं बकऱ्या नेल्या, एखादं चांगलं कुत्रं असलं तर हवं. झिपऱ्या मेंढरांतला, राखणीच्या रक्ताचा. दोधू पाटलानं तेव्हाच शब्द अर्धामुर्धा देऊन ठेवला होता.

गजराबाई चुलीसमोरून उठली. "मंग मी बी जास काठीले. तुम्ही आन तुमनी वहू ऱ्हावा आठे."

बोलायला ती बोलली. पण आत तिचं काळीज चिरलं. तिला सूनही हवी होती. एकच मुलगा, लेक नाही, आणि इतक्या वर्षांनी घरात पोरीचं हसू ऐकू येत होतं. त्या पोरीच्या गोऱ्या दंडावरच्या गांधी बघून तिला आपलीच लाज वाटायची. पण झिपऱ्याला डोंगरात पाठवायचं म्हणजे तिच्या घराचा एक माणूस जायचा. तिनं कंबर कसली. कानबाईपर्यंत पिसवा घालवायच्या, म्हणजे कुत्रंही राहील आणि सूनही.

आणि तिनं सुरू केलं ते कुत्र्यापासून. लिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं झिपऱ्याला आंघोळ. दुसऱ्या दिवशी तंबाखूच्या पाण्यानं. त्यानं लाळ गाळली आणि तो दिवसभर मलूल पडला, तेव्हा ते बंद. अनुसयाबाईनं सांगितलं सीताफळाच्या बिया वाटून लाव, पण त्या डोळ्यांत गेल्या तर डोळे जातात हे गजराबाईला ठाऊक होतं, आणि झिपऱ्याचे डोळे झिपऱ्यांखाली नक्की कुठं आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते राहिलं. मग तापीवर नेऊन साबणानं घासणं. झिपऱ्या न्हाऊन लख्ख होऊन येई, गोधडीवर जाऊन गोल होऊन झोपे, आणि दोन दिवसांनी पुन्हा मागच्या पायानं मान खाजवत बसे. गजराबाई हात टेकायला आली.

शोभा हे सगळं माजघराच्या दारातून बघत होती. तिचं मत साधं होतं. कुत्रं जावं. बोलून दाखवायची हिंमत नव्हती एवढंच.

मग एक शनिवार आला. दोधू पाटलानं त्या आठवड्यात उपाय म्हणून झिपऱ्याला मळ्यात नेऊन बांधलं होतं. आता आराम पडेल म्हणून शोभा खूश होती. दुपारी ती मागल्या अंगणात गोवऱ्या थापत होती. जुनं लुगडं वर खोचलेलं, हात कोपरापर्यंत शेणाचे, केसांत काडीकचरा, कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलेलं. आणि अचानक समोर मगन उभा. हातात पिशवी, डोक्याला तेल, अंगात धुतलेला शर्ट.

"वळखू नही उनी तू माले," मगन म्हणाला आणि हसत सुटला.

शोभा तोंड लपवायला गेली आणि शेणाचा हात तोंडावर बसला. मग ती आत पळाली आणि तिथं तिच्या ध्यानात आलं, की असं आजवर कधीच झालं नव्हतं. दर शनिवारी मोटारीच्या आधी झिपऱ्या लंगडत फाट्यावर जायचा. मगन उतरला की तो तिथूनच भुंकायचा, आणि पांदीनं येईतो भुंकतच यायचा. ते भुंकणं ऐकलं की ती हात धुवायची, केसांवर फणी फिरवायची, कुंकू नीट करायची, आणि मगन दारात येई तेव्हा सहजच तिथं असल्यासारखी उभी असायची. इतके दिवस तिला वाटलं होतं, आपल्याला मनातून कळतं. कळवायचा झिपऱ्या.

सोमवारी मगन गेल्यावर ती सासूजवळ येऊन बसली. गजराबाई गुडघ्यावर हनुवटी टेकून मळ्याच्या वाटेकडे बघत होती.

"आत्या, त्याले घर आना," शोभा म्हणाली. "पन पहिले पिस्वा कोठे शेतस ते दखू."

"कुत्राना आंगवर. आखो कोठे ऱ्हातीन?"

"मंग हप्ताभर कुत्रा घरमा नही, तरी मी कशी खाजाडी ऱ्हायनी?"

गजराबाईनं सुनेकडे नव्यानं पाहिलं. हा प्रश्न तिला सुचायला हवा होता, आणि सुचला नव्हता.

पिसू काळी, म्हणून तिला पकडायला पांढरं हवं, हे शोभाच्या डोक्यातून निघालं. आणि घरात पांढरंशुभ्र एकच होतं, दोधू पाटलाचं परीटघडीचं धोतर. ते दोधू पाटलासकट वापरायचं ठरलं. त्याला धोतर नेसवून दोघींनी घरभर हळूहळू चालवलं. आधी कापसाची रिकामी खोली. तिथं तो उभा राहिला, दोघी त्याच्या पायाशी बसून धोतराचा सोगा न्याहाळत राहिल्या. काही नाही. कापूस निर्दोष सुटला, आणि दोधू पाटलानं बायकोकडे असं पाहिलं, की तिनं घाईघाईनं त्याला पुढं ढकललं. मग चुलीजवळ. तिथंही नाही. माजघरात एखाददुसरी.

"मी काय बैल शे का, पोळाले मिरवाडतस तसा?" तो म्हणाला.

"उगा ऱ्हावा," गजराबाई म्हणाली. "आते ओसरीवर चाला."

ओसरीच्या मधे चार-दोन. आणि कोपऱ्यात, झिपऱ्याच्या गोधडीवर त्यानं पाय ठेवला मात्र, शुभ्र धोतरावर कुणी मोहरी फेकावी तसे काळे ठिपके उसळले. दोधू पाटलानं जी उडी मारली ती त्याच्या वयाला शोभणारी नव्हती. तो अंगणात पोचला तेव्हा धोतराचा सोगा हातात होता आणि शेजारची अनुसयाबाई कुंपणावरून पदर तोंडाला लावून बघत होती. शोभा हसता हसता खांबाला धरून खाली बसली. गजराबाई आधी गंभीर होती. मग तिलाही आवरेना. पाऊस लागल्यापासून त्या घरात एवढं हसू झालं नव्हतं.

हसू ओसरल्यावर शोभा म्हणाली, "आत्या, तुम्ही त्याले आंघोळ घालतस आन परत तीच मळेल बंडी आंगमा घालतस."

गोधडी उचलली. तिच्याखाली, भिंत आणि जमीन मिळते त्या भेगेत, बारीक पांढरट कोंड्यासारखं काहीतरी आणि काळी भुकटी. शोभानं बोट लावलं तर त्यात सुतासारख्या अळ्या वळवळल्या. गजराबाई त्या भेगेसमोर उकिडवी बसली. तिची ओसरी. जिच्यावर ज्वारी सांडली तर हातानं वेचता यावी ती ओसरी. इतकी वर्षं ती दर आठवड्याला सारवताना गोधडीपर्यंत येऊन हात मागं घ्यायची, झोपलेल्याला कशाला उठवायचं म्हणून. एवढा एक कोपरा तिनं मायेनं सोडला होता, आणि सगळ्या गावाच्या पोटऱ्या तिथून चावल्या जात होत्या.

"खंदनी पडी," ती शेवटी म्हणाली.

"कोपराच खंदू," शोभा तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली.

"नही. समदी."

आणि जी जमीन तिनं नवी नवरी असताना चोपली होती, ती तिनं स्वतःच्या हातानं खणली. पहिला घाव घालताना तिचे डोळे भरून आले, हे शोभानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. वरची वीतभर माती पाट्यांनी भरून गावाबाहेर उकिरड्यावर टाकली. भिंतीच्या बुडाच्या भेगांत चुना भरला. नवी माती आणली, तिच्यात चुन्याची भुकटी आणि वाटलेला लिंबाचा पाला कालवला, आणि दोघी समोरासमोर बसून चोपण्यानं ती चोपू लागल्या. सासूचा हात पडला की सुनेचा उठायचा. चोपता चोपता गजराबाई गाणं म्हणू लागली आणि शोभाला कळलं, की सासूचा गळा गोड आहे.

गोधडी हंड्यात सोडा टाकून रटरटा उकळली. शोभाला वाटत होतं जाळून टाकावी, पण मगनच्या पाळण्यातली गोधडी जाळायला सांगायची तिची प्राज्ञा नव्हती. नशिबानं पावसानं चार दिवस उघाड दिली. घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या, वाकळा, पोती उन्हात पडली. रोज केर काढायचा तो कोपऱ्यांतून, उतरंडीच्या मागून, उखळाखालून, आणि तो चुलीत घालायचा, अंगणात फेकायचा नाही. झिपऱ्याला मळ्यातून आणून दारात थांबवलं. गजराबाईनं आपली उवांची फणी काढली. शेजारी गरम पाण्यात साबण कालवून ठेवला. फणी केसांतून ओढायची आणि पाण्यात बुडवायची, की पिसू बुडालीच. मानेखाली आणि शेपटीच्या बुडाशी सर्वात जास्त. मग वेखंडाची पूड केसांत चोळायची. झिपऱ्यानं शिंका दिल्या, पण तो हलला नाही. त्याचे डोळे अखेर सगळ्यांना दिसले, मधासारखे पिंगट होते. झोपायला त्याला ओसरीबाहेर पडवीत लाकडी फळी दिली, तिच्यावर एक पोतं, आणि पोतं दर आठवड्याला उकळायचं असं ठरलं.

तीन दिवस कुणी खाजवलं नाही. गजराबाई गावभर ताठ मानेनं फिरली. आणि कानबाई आठवड्यावर आली असताना शोभाच्या मनगटावर पुन्हा एक गांध उठली. पांढरं धोतर बोलावलं गेलं. त्याच्यावर पाच-सहा ठिपके, अगदी बारीक, नवे.

गजराबाईनं धोतराचा सोगा हातातून सोडला. तिचा धीर खचायला सहसा काही पुरत नसे, पण आज पुरलं. "देवनीच मनमा नही," ती म्हणाली. "वाहरू उना म्हंजे ली जाऊ दे त्याले."

आता शोभा चिडली. सासूच्या घरात ती पहिल्यांदा चिडली आणि ते तिला छान जमलं. "आत्या, कोंबडीना आंडा काय एकच दिन फुटतस का? मांगे ऱ्हायनात त्या आते निंघनात. ह्या ल्हान्या शेतस, यास्नी आजून आंडा घालेल नही. आतेच परत करू, मंग त्यास्ना वंश बुडना."

गजराबाईनं बोटांवर कानबाईपर्यंतचे दिवस मोजले. मग ती उठली, पदर खोचला आणि हंड्याखाली जाळ घातला. पुन्हा पोती, वाकळा उकळल्या, पुन्हा कोपरे झाडले, पुन्हा झिपऱ्या फणीखाली बसला. दोन दिवस गेले, पुन्हा तेच. दोधू पाटील सकाळी उठून आपण होऊनच धोतर नेसून घरभर एक फेरी मारायला लागला. त्याला या कामाचा अभिमान वाटू लागला होता आणि तो अंगणात येऊन सोगा पसरून दाखवी, "दखा." एक दिवस दोन ठिपके. मग एक. मग काहीच नाही. आणि मग पुन्हा काहीच नाही.

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, वाहरू चारोळीचं गाठोडं घेऊन आला. त्याला ओसरीवर बसवलं. त्यानं मांडी घातली, नव्या जमिनीवरून हात फिरवला, भाकर खाल्ली, चहा प्यायला, आणि सगळा वेळ एकदाही खाजवलं नाही. तिन्ही माणसं त्याच्या पायांकडेच बघत होती. शेवटी तो अवघडला आणि त्यानं पाय आखडून घेतले.

"कुत्रा देनार व्हतात ना पाटील?" त्यानं विचारलं.

दोधू पाटलानं बायकोकडे पाहिलं. बायको दारात झिपऱ्याच्या पुढं उभी होती आणि तिच्या शेजारी सून. वाहरूनं तिघांना आणि गजराबाईच्या हातातल्या, कुत्र्याचे केस अडकलेल्या फणीला नीट बघितलं आणि तो मिशीत हसला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "याले नेस ते पुढला साल माले पानी बी भेटाव नही आठे. ती फणी मात्र द्या. मन्हा घरना कुत्रास्ले बी भलत्या पिस्वा शेतस."

गजराबाईनं फणी दिली, वेखंडाचे चार तुकडे दिले, ज्वारी नेहमीपेक्षा वाढवून दिली, आणि पोतं उकळायला विसरू नको म्हणून दोनदा बजावलं. वाहरू पांदीला लागला तोच फाट्याकडून झिपऱ्याचं भुंकणं ऐकू आलं. तो कधी निसटला होता कुणास ठाऊक. शोभा एक शब्द न बोलता आत गेली आणि मगन दारात आला तेव्हा ती केसांत जाईचं फूल घालून सहजच तिथं उभी होती.

त्याच दिवशी रोटासाठी धान्य मोजायचं होतं. या घरची रीत अशी, की घरच्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. बायकांच्या नावाची मूठ नसते. दळायला मात्र बायकाच लागतात. गजराबाई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून सुपासमोर बसली. शोभा जात्याशी. गजराबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि नावं घेतली. "दोधू नथू पाटील." सव्वा मूठ पडली. "मगन दोधू पाटील." सव्वा मूठ पडली. ती हात झटकून उठणार तोच शोभा म्हणाली,

"आत्या, एक नाव ऱ्हायनं."

गजराबाईचा हात थांबला. तिनं सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पोटाकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे, आणि तिच्या डोळ्यांत एकदम दिवाळी उतरली.

"तसं काही नही शे," शोभा लाजून घाईनं म्हणाली. "पडवीमा दखा."

पडवीत झिपऱ्या फळीवर बसला होता. न्हालेला, विंचरलेला, गव्हाच्या वासानं नाक हलवत. दरवर्षीसारखा काही न मागता.

गजराबाईनं सूप मांडीजवळ ओढलं. तिनं त्याच्यासाठी कापूस विकायला लावला होता, नवऱ्याशी भांडण मांडलं होतं, ओसरी खणली होती. पण हे देवाचं होतं आणि देवाच्या बाबतीत ती कडक होती. तिनं कानबाईच्या रिकाम्या चौरंगाकडे पाहिलं. मग नव्या ओसरीकडे पाहिलं, जी सासू-सुनेनं मिळून चोपली होती. तिच्या मनात आलं, ज्याच्यामुळं ही पोर माझी झाली तो परका कसा. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, गव्हात हात घातला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात नाव घेतलं.

"झिपऱ्या दोधू पाटील."

ओसरीवरून दोधू पाटलाचा आवाज आला. "मन्हं नाव कसाले लावतस त्याले?"

"मंग कोनं लावू?" गजराबाईनं विचारलं आणि सव्वा मूठ गहू सुपात सोडले.

कानबाई बसली, भाऊबंद आले, बायकांनी नव्या ओसरीवर गाणी म्हटली आणि एकही टाळी चुकली नाही. निघताना जी ती ओसरीबद्दलच बोलली, आणि गजराबाईनं प्रत्येकीला सांगितलं, की हिच्यात अर्धा हात वहूचा आहे. दुसऱ्या दिवशी वाजतगाजत कानबाईला तापीवर पोचवलं. घरी आल्यावर गजराबाईनं अंगणाचं दार ओढून घेतलं, ताटं मांडली, आणि एक ताट पडवीतल्या फळीसमोर नेऊन ठेवलं. झिपऱ्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग रोटाकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"खाय," ती म्हणाली. "तुन्हाच शे."

रोट घराबाहेरच्या कुणाला द्यायचा नाही, हा नियम गजराबाईनं त्याही वर्षी मोडला नाही.